आत्याचं सामान चढलं आणि ट्रक अडला

नऊला निघायचं ठरलं होतं, आणि बरोबर नऊला मास्तरांनी सेल्फ मारला. ट्रक घरघरला, मागे दोरीनं बांधलेलं आत्याचं कपाट थरथरलं, आणि तेवढंच. मास्तरांनी पुन्हा मारला. पुन्हा नुसती घरघर. चौथ्या खेपेला पेट्रोलचा वास दारापर्यंत आला, तेव्हा त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून जाहीर केलं, "ही नाही म्हणतेय."

"ही कोण?" वहिनीनं पायरीवरून विचारलं.

"गाडी."

"तिला कोणी विचारलं होतं?"

आत्या हसली. आज ती सकाळपासून कशालाही हसत होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी, अठरा वर्षांच्या वैधव्यानंतर, तिनं चार दिवसांपूर्वी बाजाराच्या कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यांशी लग्नाच्या कागदावर सही केली होती, आणि आज शिलाई मशीन, कपाट, दोन ट्रंका आणि कापडाची नऊ गाठोडी घेऊन ती त्यांच्या घरी निघाली होती. एरवी सुईसारखं टोचून बोलणारी ही बाई आज कोणालाही काहीही बोलू देत होती.

या घराचा एक नियम होता. कोणीही दुसरीकडे राहायला निघालं की सामान याच ट्रकनं जायचं आणि ट्रक घरातल्या थोरल्यानं चालवायचा. आधी वडील चालवायचे, मग दादा, आत्याचा थोरला भाऊ. दादाची लेक वायरिंगचं काम शिकायला गेली तेव्हा दादानं सोडलं. मास्तर, म्हणजे धाकटा भाऊ, बदली होऊन गेले तेव्हाही दादानंच सोडलं, आणि तिथे करमेना म्हणून सात महिन्यांत परत आले तेव्हा शिव्या घालत दादानंच आणलं. थोरला स्टिअरिंगला बसला म्हणजे घरानं तुम्हाला आनंदानं पाठवलं. नाही बसला, तर तुम्ही नुसते गेलात.

आज स्टिअरिंगला मास्तर होते. "माझी काही हरकत नाही," एवढंच दादा चार दिवसांपूर्वी म्हणाला होता. "ट्रक घेऊन जा. चालवायला मास्तर आहे." तेव्हापासून तो मागच्या शेडमध्ये बसून नटबोल्ट निवडत होता. मोठ्यातून छोटे काढायचे, मग छोट्यातून मोठे.

वहिनीला, म्हणजे दादाच्या बायकोला, हे चार दिवस चार महिन्यांसारखे गेले होते. नणंदेची बातमी तिला सर्वांत आधी कळली होती, ती तिनं दीड महिना पोटात ठेवली होती, आणि त्याबद्दल नवरा तिच्याशी भाजीत मीठ आहे की नाही एवढ्यापुरतंच बोलत होता. त्यामुळे मास्तर केबिनमधून उतरून तिच्या कानाशी आले आणि म्हणाले, "वहिनी, मला एक शंका आहे," तेव्हा ती त्यांच्याआधी बोलली.

"रोटर."

"रोटर!" मास्तरांनी मान डोलावली. "मी एकोणिसाव्या वर्षी ट्रक घेऊन पळायचं ठरवलं होतं, आठवतं? रात्रभर सेल्फ मारला. सकाळी दादानं खिशातून रोटर काढून दाखवला. एवढासा तुकडा, पण तो काढला की गाडी मेली."

"पण भाऊजी, तुम्ही तर परवापर्यंत त्यांच्या बाजूनं होतात. 'या वयात कसलं लग्न' कोण म्हणत होतं?"

"मत वेगळं आणि चोरी वेगळी," मास्तर म्हणाले. गणित शिकवून शिकवून त्यांना कुठलीही दोन टोकं जुळवता येत.

वहिनी तडक शेडमध्ये गेली. दादा स्टुलावर पाठमोरा बसला होता.

"अहो, खिसे रिकामे करा."

"काय?"

"रोटर द्या इकडे. ताईंचं सामान वर चढलंय, माणूस तिकडे दारात उभा असेल. राग धरायचा तर माझ्यावर धरा, गाडीचं काळीज कसलं काढून ठेवता?"

दादाला समजायला जरा वेळ लागला. मग त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो उठला, आणि शर्टाचे, पँटचे, जाकिटाचे असे सगळे खिसे त्यानं एकेक करून बाकावर उलटे केले. चष्म्याची डबी, सुतळी, अर्धी पेन्सिल, खोकल्याच्या दोन गोळ्या, पातळ पोलादी पट्ट्यांचा गेज, आणि वहिनीनं गेल्या वर्षी हरवला म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं तो तिचा केसांचा चाप.

"हा तुमच्याकडे होता?"

"सापडला होता. द्यायचा राहिला," दादा म्हणाला. "रोटर दिसला का? कर नाही त्याला डर कशाला! सदतीस वर्षांत हेच ओळखलंस मला?"

वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी हसूही आलं, कारण चार दिवसांत तो एका दमात इतकं बोलला नव्हता. ती बाहेर येऊन आधी मास्तरांवर घसरली. "भाऊजी, तुमचं ऐकून मी माझ्या नवऱ्याचे खिसे तपासले! सख्ख्या भावावर असा संशय घ्यावा?"

"पण वहिनी, रोटर तर तुम्हीच…"

"पुरे."

तिच्या मागोमाग दादा बाहेर आला. बाह्या वर होत्या. "सरका सगळे," तो म्हणाला. "आणि ऐकून ठेवा, मी हात लावतोय तो माझी अब्रू वाचवायला. कोणाच्या लग्नाला नाही."

"कळलं," आत्या म्हणाली. "अब्रू वाचवून झाली की सांग. मी गाठोड्यावर बसते."

लेक बॉनेटखाली वाकलेलीच होती. पस्तिशीची, गावभर घराघरांतून वायरी खेचणारी, कानावर टेस्टर खोचून फिरणारी. तिला वडिलांचा राग येत नव्हता, कीव येत होती, आणि ती दाखवली तर ते आणखी चार दिवस नटबोल्ट निवडतील हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती कामाचंच बोलली.

"पेट्रोल येतंय, बाबा. प्लग काढून इंजिनाला टेकवून बघितला. करंट नाही."

"एकाच प्लगला की सगळ्यांना?"

"तीन बघितले. तिन्हींना नाही."

"मग प्लगचा दोष नाही. सगळे एकदम संपावर जात नाहीत. मागे चल."

मागे म्हणजे करंट जिथून येतो तिकडे. करंट वाढवणाऱ्या कॉइलमधून निघणारी जाड वायर दादानं सोडवली. आत्याच्या गाठोड्यातून कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा मागवून घेतला, चिमट्यात वायर धरली आणि तिचं टोक इंजिनापासून दोन गव्हाच्या दाण्यांएवढ्या अंतरावर ठेवलं. "मार सेल्फ!"

मास्तरांनी मारला. सगळ्यांनी टोकाकडे बघितलं. काही नाही.

"कॉइल गेली," मास्तर केबिनमधून म्हणाले. "नवीन टाका."

"तू उंटावरून शेळ्या हाकू नकोस," दादा म्हणाला. "कॉइलला आत काय येतंय ते बघितल्याशिवाय तिला मारून टाकायचं? तुझ्या वर्गातली पोरं अशीच नापास होतात."

लेकीनं टेस्ट लॅम्प काढला. दोन वायरी सोडलेला छोटा बल्ब. एक टोक इंजिनाच्या लोखंडाला, दुसरं कॉइलच्या आत येणाऱ्या वायरीला. बल्ब लागला.

"येतोय करंट."

"आता पलीकडच्या बाजूला लाव. डिस्ट्रिब्युटरकडे जाते ती. सेल्फ मार रे!"

इंजिन घरघरलं. बल्ब लागला आणि लागलेलाच राहिला. दादा आणि लेक दोघांनीही एकदम मान वर केली.

"लुकलुकला पाहिजे," लेक म्हणाली.

"लुकलुकला पाहिजे," दादा म्हणाला.

"का लुकलुकायला पाहिजे?" वहिनीनं विचारलं. आता ती पुन्हा नवऱ्याच्या बाजूची झाली होती आणि आपण बाजू कशासाठी घेतोय हे तिला समजून घ्यायचं होतं.

"आत दोन टिकल्या आहेत," दादा म्हणाला. "त्यांना पॉइंट म्हणतात. इंजिन फिरलं की त्या चिकटतात, सुटतात, चिकटतात, सुटतात. चिकटल्या की करंट तिथून निघून जातो, बल्ब विझतो. सुटल्या की कॉइल झटका देते आणि ठिणगी पडते. बल्ब विझतच नाही, म्हणजे टिकल्या चिकटत नाहीत. आणि चिकटल्याच नाहीत तर सुटणार काय?"

मग त्यानं डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डबीच्या, दोन क्लिपा उघडल्या आणि काळं झाकण बाजूला केलं. आत रोटर जागच्या जागी होता.

"बघा," तो म्हणाला. "या, सगळे या, बघून जा. मास्तर, खाली उतर. चष्मा लाव. हा काय आहे?"

"रोटर," मास्तर म्हणाले.

"कुठे आहे?"

"जागेवर."

"मोठ्यानं सांग, गाठोड्यावरच्या बाईला ऐकू जाऊ दे."

"जागेवर आहे, ताई!" मास्तर ओरडले, आणि आत्या तिकडून ओरडली, "मला माहीत होतं! मी कुठे काय म्हटलं?"

तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. घड्याळवाले होते. "नऊ अठ्ठेचाळीस झालेत," ते म्हणाले. हा माणूस पावणेदहा म्हणू शकत नव्हता. "काही अडचण नाही ना?"

"टिकल्या चिकटत नाहीत," वहिनी म्हणाली. "कुठल्या टिकल्या?" पलीकडून विचारणा झाली.

दादानं लेकीला इंजिनाचा पंखा हातानं थोडा थोडा फिरवायला लावला. पॉइंट उघडत होते, मिटत होते, डोळ्यांना दिसत होतं. तरी बल्ब विझत नव्हता. म्हणजे मध्ये काहीतरी होतं. त्यानं कोऱ्या कागदाची पट्टी फाडली, दोन टिकल्यांच्या मध्ये घातली आणि ओढून काढली. पट्टीवर काळा, चिकट डाग आला.

त्यानं पट्टी नाकाला लावली. आणि त्याला सगळं कळलं.

हे ट्रकमधलं तेल नव्हतं. हा वास त्याला अठरा वर्षं बहिणीच्या वरच्या खोलीकडच्या जिन्यातून येताजाता आलेला होता. शिलाई मशीनचं पातळ तेल. त्याच्या बहिणीला एक खोड होती, जे म्हणून हलतं त्याला ती तेल घालायची. कात्रीला, बिजागऱ्यांना, खिडकीच्या कडीला, एकदा तर मास्तरांच्या छत्रीला. काल दुपारी लेकीनं डिस्ट्रिब्युटर उघडून पुसला होता आणि ती हात धुवायला गेली होती. तेवढ्यात ही आली असणार. संध्याकाळी मास्तरांनी ट्रक शेडमधून दाराशी आणला तेव्हा तो खोकत आला होता. तेव्हाच ते तेल जळून टिकल्यांवर बसलं.

कागद हातात धरून तो उभा राहिला, आणि त्याच्या मनात एक विचार आला, ज्याची त्याला नंतर लाज वाटली. तिला जायचं नसेल. मनातून नसेल जायचं. त्या क्षणी त्याला फार आनंद झाला.

"काय सापडलं?" मास्तरांनी विचारलं.

"बघतो," दादा म्हणाला, आणि कागद मुठीत घेऊन ट्रकच्या मागच्या बाजूला गेला.

आत्या गाठोड्यावर पाय हलवत बसली होती. दादानं मूठ उघडली.

"चिमे, हे तुझं तेल."

चिमी हे नाव आता फक्त तोच घ्यायचा. आत्यानं कागद बघितला आणि तोंडावर हात ठेवला. "अगंबाई! तिथे घालायचं नसतं?"

"किती घातलंस?"

"दोनच थेंब. ती छोटीशी दांडी दिसली, हलणारी. म्हटलं, उद्या एवढं सामान न्यायचंय, बिचारीला कुरकुरायला नको."

दादा खाली बघत म्हणाला, "तुला जायचं नाहीये का? तसं असेल तर सांग. मी सांगतो सगळ्यांना, इंजिन गेलं म्हणून. कोणाला काही कळणार नाही. सामान आत्ता वर नेतो."

आत्या इतकी हसली की गाठोड्यावरून घसरली.

"दादा, जायचं नसतं तर मी दोन थेंब तेल घातलं असतं? टाकीत दोन किलो साखर घातली असती!"

दादालाही हसू आलं. ते त्यानं आवरायचा प्रयत्न केला, पण चार दिवसांचं साठलेलं होतं, आवरेना. दोघं ट्रकच्या फाळक्याला धरून, लहानपणी मार खाल्ल्यावर हसायचे तसे, आवाज न करता हसले. हसू ओसरल्यावर त्यानं ते बोलून टाकलं.

"मला सगळ्यात शेवटी सांगितलंस. वहिनीला सांगितलंस, पोरीला सांगितलंस, त्या मास्तरालासुद्धा. मी चौथा. मी काय वाईट केलं होतं तुझं?"

आत्यानं त्याच्या बाहीवरचा काळा डाग अंगठ्यानं पुसायचा प्रयत्न केला. "वहिनी नको म्हणाली असती तर मी भांडले असते. मास्तर नको म्हणालाच. त्याला मी दाराबाहेर काढलं. पण तू नको म्हणाला असतास ना, तर मी राहिले असते, दादा. म्हणून आधी सह्या केल्या आणि मग तुला सांगितलं."

दादाचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्याच्याकडे तेलाच्या कागदाशिवाय काही नव्हतं, म्हणून त्यानं त्या कागदानंच डोळे पुसले आणि भुवईला काळा पट्टा ओढून घेतला.

"चल," तो म्हणाला. "कशाला तेल लागतं आणि कशाला नाही, ते दाखवतो."

त्यानं तिला बॉनेटपाशी उभं केलं. बारीक कानशीनं दोन्ही टिकल्या हलक्या हातानं घासल्या, पेट्रोलमध्ये बुडवलेली चिंधी मधून फिरवली, मग कोरा कागद, दुसरा कागद, कागद पांढराच निघेपर्यंत. पोलादी गेजनं दोन टिकल्यांमधली फट मोजून स्क्रू आवळला. "ही जागा कोरडी पाहिजे. हाडासारखी कोरडी. इथे माया करायची नाही."

"कंडेन्सर होता ना खराब?" मास्तरांनी सर्वज्ञ चेहऱ्यानं विचारलं.

"हो, तसंच काहीतरी," दादा म्हणाला.

"नाही, माझं तेल होतं," आत्या म्हणाली. "दोन थेंब. मीच घातलं, माझ्याच वरातीच्या गाडीला."

एक क्षण कोणाला कळेना हसावं की नाही. मग लेक हसली, मग वहिनी पायरीवर बसून हसली, आणि मास्तर म्हणाले, "तरीच माझी छत्री मिटत नाही!"

"आता बल्ब," दादा म्हणाला.

सेल्फ मारला आणि बल्ब लुकलुकू लागला. लेकीनं चिमट्यात जाड वायर धरली. टोकातून निळी, ठसठशीत ठिणगी तडतडत इंजिनावर उडी मारू लागली. झाकण बसलं, वायरी बसल्या, प्लग बसले. मास्तरांनी सेल्फ मारला आणि ट्रक पहिल्याच दणक्याला उठला. धुराचा एक मोठा लोट वहिनीच्या धुतलेल्या चादरींवर गेला आणि आज पहिल्यांदाच तिनं त्याबद्दल कोणाला काही म्हटलं नाही.

मास्तर दोन्ही हात उंचावून टाळ्या स्वीकारत होते. दादा केबिनचं दार उघडून उभा राहिला.

"सरक."

"कुठे?"

"पलीकडे. आणि चिमीला मध्ये बसू दे."

मास्तर सरकले. वहिनीनं पदराच्या टोकानं नवऱ्याच्या भुवईवरचा काळा पट्टा पुसला. सगळ्यांसमोर. मग ती आणि लेक मागे कपाटाला टेकून बसल्या.

रस्ता वीस मिनिटांचा होता. आत्याला तो फार लहान वाटला. दोन भावांच्या मध्ये ती दाबून बसली होती, गिअर बदलताना दादाचं कोपर तिला लागत होतं, आणि मास्तर प्रत्येक वळणाला डावीकडे की उजवीकडे ते सांगत होते, जणू दादा या गावात आजच आला होता. तिला खूप आनंद झाला होता आणि थोडी भीती वाटत होती. भीती अशी, की दादा तिला सोडेल, पण त्या घरात पाय ठेवणार नाही. तिनं त्याच्या जबड्याकडे बघितलं. सुंभ जळला तरी पीळ होताच.

घड्याळवाले फाटकापाशी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात काहीच नाही, ते हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. मास्तर उतरले, मागून वहिनी आणि लेक उतरल्या, फाळका खाली पडला. दादा जागेवरच बसला. इंजिन धडधडत होतं.

"उतर ना," आत्या म्हणाली.

"बंद केली आणि परत सुरू झाली नाही तर? तुम्ही उतरवा सामान. मी बसतो गाडीत."

मागून लेकीचा आवाज आला, "बाबा, ती आता वर्षभर बंद पडत नाही. तुम्हालाच माहितीये."

दादानं स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं. आत्यानं हात लांब केला, त्याच्या गुडघ्यावरून, आणि किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. गल्ली एकदम इतकी शांत झाली की घड्याळवाल्यांच्या घरातली सगळी घड्याळं बाहेर ऐकू आली. तिनं किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

"आता जाशील कसा?"

दादा उतरला. हात पँटला पुसत तो घड्याळवाल्यांसमोर जाऊन उभा राहिला. तो त्यांच्याहून हातभर उंच होता. घड्याळवाल्यांनी नमस्कार केला, तो त्याला दिसलाच नाही.

"एक सांगतो," दादा म्हणाला. "हिचं इथे काही बिनसलं, दुखलंखुपलं, तर मला कळवायचं. सगळ्यांच्या आधी. हिच्या वहिनीच्याही आधी."

"कळवीन," घड्याळवाले म्हणाले. मग त्यांनी जरा धीर करून विचारलं, "आणि सगळं छान चाललं असलं तर?"

दादानं मागे बघितलं. बहीण शिलाई मशीनचं एक टोक धरून त्याच्याकडे बघत उभी होती आणि दुसरं टोक धरायला तिनं कोणालाच बोलावलं नव्हतं.

"तर ते पण," तो म्हणाला, आणि मशीन धरायला गेला. "आधी मलाच."